जाळीतले ऐन

"ओ दादा, कोयता आवर आधी! आवर म्हनते ना!"

शेवंतीनं डोक्यावरची पाटी खाली आपटली आणि ती धावतच उतार चढली. तीन मजूर करवंदीच्या जाळीवर तुटून पडले होते. अर्धी जाळी आडवी झालेली, काळीभोर करवंदं मातीत, तोडलेल्या फांद्यांतून पांढरा चीक गळतोय. पाड्यावरच्या बायका दर उन्हाळ्यात इथलीच करवंदं पानांच्या द्रोणात घालून नौपाड्याच्या बाजारात विकत.

मजुरांमागं विनीत साहेब उभे होते. डोंगराच्या पायथ्याला नवे टॉवर झाले, तिथल्या निसर्ग मंडळाचे अध्यक्ष. पायात जंगलात फिरायचे बूट. जंगल मात्र आजवर गॅलरीतूनच बघितलेलं.

"मावशी, बाजूला व्हा. आम्ही इथं जंगल उभं करतोय."

"मंग हे काय हाय?"

"ही नुसती काटेरी झुडपं. ही काढून चांगली झाडं लावणार."

"अवो, या झुडपातच झाडं होतात! पाखरू आत बसतं, बी टाकतं. वाऱ्यानं ऐनाच्या झाडाचं बी येऊन अडकतं. काट्यामुळं शेरडाचं तोंड आत जात नाय. रोप मानसाएवढं झालं का मंग जाळीतनं डोकं वर काढतं. आमच्या सासऱ्यानं दावलंय मला."

साहेब कौतुकानं हसले. "छान बोलता हो तुम्ही! आमच्या कार्यक्रमात बोला एकदा." आणि मजुरांकडं वळून म्हणाले, "चालू द्या."

शेवंती उरलेल्या जाळीपुढं फतकल मारून बसली. "चालवा आता माज्यावरनं."

मजूर थबकले. साहेबांनी घड्याळ बघितलं. "राहू द्या तेवढी. फोटोत येणार नाही असं बघा."

घरी नवरा दामाजी करवादला, "साहेब लोकांच्या तोंडी कशाला लागतीस? उद्या चौकीवर बोलावतील."

"बोलावू दे. जाईन."

जूनमध्ये साहेबांची झाडं लागली. टोप्या, बॅनर, वडापाव, सगळं झालं. एकेका रोपाला पाच-पाच जणांनी हात लावून फोटो काढले. काही रोपं तर अशी परदेशी, की त्यांचं नाव साहेबांनाच चिठ्ठीवरून वाचावं लागलं. मग पाऊस लागला आणि वर कोणी फिरकलं नाही. फिरकली ती पाड्यावरची शेरडं. झाडं ओळीनं लावलेली, त्यामुळं शेरडांनाही पंगतीला बसल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर मंडळानं बक्षिसासाठी अर्ज केला आणि वनखात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. लाकूडफाट्याला निघालेल्या बायका गर्दी बघून थांबल्या. मोठे साहेब सोललेल्या काटक्यांच्या ओळींतून चालत गेले आणि उरलेल्या जाळीपाशी थांबले. आतून ऐनाची चार कोवळी झाडं सरळसोट वर आली होती.

"ही कोणी वाढवली?"

विनीत साहेबांनी घसा खाकरला. "आमच्या मंडळानंच, सर. खास पद्धत आहे."

शेवंती गर्दीतून पुढं झाली. "तर वो! मंग मोठ्या साहेबांना आत नेऊन दावा की. तुमीच लावलीत, वाट तुमालाच ठावी असंल."

मोठ्या साहेबांच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. "चला, दाखवा."

विनीत साहेब शिरले. दुसऱ्या पावलाला बाही अडकली, तिसऱ्याला टोपी फांदीवर राहिली, चौथं पाऊल पुढंही पडेना अन् मागंही. बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले.

"वढू नका, आजून रुतंल," म्हणत शेवंती आत सरकली आणि एकेक काटा सोडवू लागली. अगदी सावकाश.

"कुनी लावली वो ही झाडं?"

"कोणी नाही," साहेब पुटपुटले. "आपोआप आली."

"आपोआप?" तिचा हात थांबला.

"जाळीनं... जाळीनं वाढवली."

"मोठ्यांदा बोला, त्यांना ऐकू गेलं नाय."

"जाळीनं वाढवली, सर!"

"आन् परत कोयता लावाल?"

"नाही लावणार, मावशी."

मग तिनं शेवटचा काटा सोडवला.