पिशवीवरचा जबाब

प्रानोमने कागदाला मधोमध घडी घातली, कडेने बोटभर खळ फिरवली आणि पिशवीचा तळ दुमडायला घेतला, तोच तिचा हात थांबला. कागदावर तिचंच उत्तर छापलेलं होतं.

"हे लिखाण वाचून माझ्या मनाला अतिशय वेदना झाल्या. एक सामान्य नागरिक म्हणून मला हा राजसिंहासनाचा घोर अपमान वाटतो." वर प्रश्न, खाली उत्तर, कोपऱ्यात खटल्याचा क्रमांक. उद्याच्या समन्सवर होता तोच. नाव, वय आणि धंदा या तीन जागी मात्र नुसती टिंबं होती. एका बाजूला शाई फासली होती, म्हणून कागद रद्दीत आला असणार. तिने चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचलं. टिंबं टिंबंच राहिली. म्हणजे तिने तोंड उघडण्याआधीच तिच्या मनाला वेदना होऊन बसल्या होत्या.

चष्मा नवा होता. कोर्टात जायचं म्हणून तिने तो गेल्याच आठवड्यात करून घेतला होता. सोबत निळा रेशमी ब्लाउज शिवला होता, आणि सरकारने आपल्याला सामान्य जनतेच्या वतीने बोलावलंय हे गल्लीभर सांगून झालं होतं. एकोणीस वर्षं ती थासाईच्या पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून केळी तळत होती. पिठात चुन्याची निवळी किती घालायची आणि तीळ कधी भुरभुरायचे, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं तिचं स्वतःचं मत होतं, आणि ते खरंही होतं. पिशव्यांसाठी कागद ठाण्यातून फुकट यायचा. केळी संपली की लोक तेलकट पिशवी उलगडून वाचत बसायचे; कुणाची मोटरसायकल चोरीला गेली, कोणत्या भाडेकरूने घरमालकाचं डोकं फोडलं, गावाला सगळं त्यातूनच कळायचं. न वाचणारी एकटी प्रानोम. जवळचं दिसत नाही हे कबूल करायची तिची तयारी नव्हती. चष्मा म्हाताऱ्यांना लागतो, एवढं म्हणून ती विषय मिटवायची.

आणि इथेच घोळ झाला होता. ऑनलाइन कुणी राजघराण्याबद्दल वावगं लिहिलं की कलम एकशेबारा लागायचं. मग ते लिखाण साध्यासुध्या माणसाला कसं वाटतं हे विचारायला पोलिसांना एक साधंसुधं माणूस हवं असायचं. ठाण्याच्या दारापासून पाच पावलांवर प्रानोम होती. "मावशी, इथे सही," म्हणून अनुचा नावाचा फौजदार कागद पुढे करायचा. कढई तापलेली असायची. ती हात पुसून सही ठोकायची. अशा पाच सह्या झाल्या होत्या. कोर्टाचं बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

दुपारी चारला अनुचा नेहमीसारखा आला.

"काय मावशी, चष्मा! मी ओळखलंच नाही. बँकेत लागलात की काय?"

"लागले असते. पण मग तुमचं पोट कोण भरणार?"

तो हसला. गुणी मुलगा. भिंतीलगतची ही सावलीची जागा त्यानेच तिला मिळवून दिली होती.

"उद्या दहाला या. पाच मिनिटांचं काम. जबाबात आहे तेच म्हणायचं."

"जिच्यावर खटला आहे, त्या पोरीने लिहिलंय तरी काय?"

अनुचाने मागे वळून पाहिलं.

"ते तोंडाने म्हणायचं नसतं. म्हणणाराही अडकतो. कोर्टातसुद्धा आम्ही 'कागद चार' एवढंच म्हणतो."

"मग मला वेदना कशाच्या झाल्या?"

ती थट्टा करतेय असं समजून तो पुन्हा हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

"मावशी, वरून आलेली कामं असतात. तुम्हाला काय त्याचं? या, बोला, घरी जा. इथे झाडाखाली बसून मजेत केळी तळा."

प्रानोमने केळीच्या पानात पुडा बांधला.

"आज पिशवी नाही?"

"संपल्या."

तिच्या कोपराशी दोनशे पिशव्यांची चळत होती. अनुचाने ती पाहिली, पान उचललं आणि निघून गेला.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक हडकुळा माणूस बसला होता. नाकात नळी, पायाशी चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. प्रानोमला पाहून त्याने ते जवळ ओढलं.

"बसा ताई. जागा आहे."

ती बसली. ब्लाउज गळ्याशी काचत होता.

"तुमचं कुणाचं आहे आज?" त्याने विचारलं.

"माझं... असंच एक काम आहे."

"माझ्या मुलीचं आहे. फाइलिनचं." त्याने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. तिथे काळ्या झग्यातल्या वकीलबाईंशी बोलत एक मुलगी उभी होती, चोवीस-पंचवीसची, ताठ. "औषधाच्या दुकानात असते. या गोष्टीला दोन वर्षं झाली. मला हॉस्पिटलला घेऊन निघाली होती आणि वरच्यांचा ताफा जायचा म्हणून रस्ता बंद. सव्वा तास. हे नळकांडं संपत आलं होतं. तिथेच गाडीत बसून लिहिलं तिने."

"कबूल केलं की शिक्षा निम्मी होते म्हणतात."

"मीच पाया पडलो तिच्या. बाप असून." हे सांगताना त्याचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणाली, बाबा, लिहिलं हे कबूल, गुन्हा केला हे नाही. आता काय बोलणार? इतर सगळे निमूट कबूल करतात ना, म्हणून साक्षीदाराला कोर्टात यावंच लागत नाही. आमच्या पोरीमुळे आज यावं लागतंय. कागदावरचा तो सामान्य नागरिक दिसतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय मला."

प्रानोमला बाकावर बसवेना. पाच सह्या, आणि बोलावणं एकच. बाकीच्या चार खटल्यांतली माणसं कुठे गेली, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

शिपायाने पुकारा केला. सरकार पक्षाची साक्षीदार, प्रानोम. ती उठली. म्हाताऱ्याने तिचा चष्मा पाहिला, निळा ब्लाउज पाहिला. तिला जायला वाट व्हावी म्हणून त्याने नुसते पाय आत घेतले.

शपथ लांबलचक होती; खोटं बोलले तर माझं आणि माझ्या घरादाराचं वाटोळं होवो, इथपर्यंत. मग ती न्यायाधीशांसमोरच्या खुर्चीत बसली. तिने पायावर पाय टाकला, तर शिपायाने डोळे वटारले. तिने पाय खाली घेतला. सरकारी वकिलाने तिचा जबाब तिच्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"कागद चार पाहून तुम्हाला जे वाटलं, ते यात तुम्ही सांगितलंय. बरोबर?"

"नाही."

सरकारी वकिलाने चष्म्यावरून पाहिलं. न्यायाधीशांनी हातातलं ध्वनिमुद्रण यंत्र तोंडापासून दूर केलं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं सार यंत्रात सांगतात, आणि तेच टाइप होऊन नोंद होते, अशी तिथली रीत. 'नाही' या शब्दाचं सार काय काढणार?

"साक्षीदाराने नीट सांगावं," ते म्हणाले.

"साहेब, मी ते लिखाण पाहिलंच नव्हतं. मला कुणी दाखवलं नाही, आणि दाखवलं असतं तरी दिसलं नसतं. तेव्हा चष्मा नव्हता."

"मग हे उत्तर कुणी दिलं?"

प्रानोमने पर्स उघडली आणि पिशवी काढली. एक बाजू चिकटलेली, तळ अर्धाच दुमडलेला. मागच्या बाकावर अनुचाने डोळे मिटले.

"यात काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. रिकामी आहे. ही मी विकली नाही."

फाइलिनच्या वकीलबाई जारुनी पुढे आल्या. त्यांनी खळ लागलेली कड नखाने सोडवली, कागद उलगडला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. ते कागदाकडे पाहत राहिले, मग मूळ जबाबाकडे, मग पुन्हा कागदाकडे. अक्षर न् अक्षर तेच. फरक टिंबांचा.

"हा कागद तुमच्याकडे कुठून आला?"

"ठाण्यातून. एकोणीस वर्षं येतोय. गावाला विचारा."

सरकारी वकील उभाच होता. तो थंडपणे म्हणाला, "खोट्या जबाबावर सही करणं हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

जागा जाणार हे ती कालच समजून चुकली होती. आपणही आत जाऊ शकतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने खुर्चीच्या कडा धरल्या.

"सही माझी. न वाचता केली, ती चूक माझी. तीही लिहा, साहेब."

न्यायाधीशांनी कागद चार तिच्यापुढे ठेवायला सांगितला.

"आता वाचा. मनात."

प्रानोमने वाचलं. दोनच ओळी होत्या. पहिलीत बंद रस्ता होता आणि बापाचा श्वास होता. दुसरीत एक प्रश्न होता. तो इथे लिहिता येणार नाही. आम्हालाही याच गावात राहायचंय. तिने दोनदा वाचला. नजर वर केली तेव्हा फाइलिन तिच्याकडेच पाहत होती. विनवणी नाही, राग नाही.

"काय वाटलं?"

"लेकीने बापासाठी लिहिलंय, साहेब."

"हा अपमान आहे की नाही?"

"ते तुम्ही ठरवायचं. मला केळी कळतात. पण माझ्या मनाला वेदना झाल्या असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं आणि आज वाचूनही म्हणत नाही."

न्यायाधीश यंत्रात बोलू लागले. साक्षीदाराचं म्हणणं असं की. एकेक शब्द मोजून, सावकाश. फासलेला कागद पुराव्याला जोडला गेला, खळीसकट. टाइप झालेली नोंद कारकुनाने भरभर वाचून दाखवली आणि पेन पुढे केलं.

"इथे सही, मावशी."

"द्या इकडे."

"वाचून दाखवलं ना मी."

"ऐकलं मी. आता मला वाचू द्या."

तिने चष्मा नाकावर सारखा केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अख्खं कोर्ट थांबलं. सरकारी वकिलाने घड्याळ पाहिलं, शिपायाने खाकरून पाहिलं. दुसऱ्या पानावर तिचं बोट अडलं. "इथे 'बहुधा पाहिलं नव्हतं' असं लिहिलंय. मी बहुधा म्हटलं नव्हतं." न्यायाधीशांनी मान हलवली. कारकुनाने शब्द खोडला. तिने खोडलेल्या जागेवर सही केली, मग खाली केली. अकरा मिनिटं लागली. एवढी शानदार सही तिने जन्मात केली नव्हती.

निकाल दोन महिन्यांनी लागणार होता. बाहेर व्हरांड्यात म्हातारा नळकांड्याच्या दांड्याला धरून उभा राहिला. बऱ्याच प्रयत्नाने त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. प्रानोमने घाईघाईने त्याला बसवलं.

"नको, नको. मी काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही."

मग ती जारुनीबाईंकडे वळली.

"बाई, माझ्या अशा आणखी चार सह्या आहेत. ती माणसं कुठे आहेत?"

जारुनीबाईंना शोधावं लागलं नाही. ती नावं त्यांना पाठ होती.

"चौघांनीही कबूल केलं. तिघं शिक्षा भोगून बाहेर आले. एक अजून आत आहे. विनाय. भातगिरणीत कामाला होता."

दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या भिंतीवर पाटी लागली, इथे विक्रीला मनाई. खिळे ठोकणाऱ्या शिपायाला प्रानोमने पाटी सरळ लावायला सांगितलं, कारण ती एका बाजूला कलली होती. गाडा तिने औषधाच्या दुकानापुढे नेला. तिथे सावली नव्हती. गिऱ्हाईक दुप्पट झालं. ठाण्याची रद्दी बंद झाली, तेव्हा केळी पानात बांधून जाऊ लागली. वाचायला काही नाही म्हणून लोक कुरकुरायचे.

गुरुवारी तिने गाडा लावलाच नाही. निळा ब्लाउज घातला, पहिली बस पकडली आणि ती तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे बायका होत्या, आया होत्या, कडेवर पोरं होती. तिची पाळी आली. आतल्या कारकुनाने मान वर केली नाही.

"कैद्याचं नाव?"

"विनाय. भातगिरणीतला."

"तुमचं नाव?"

तिने सांगितलं.

"नातं?"

"साक्षीदार."

आता त्याने मान वर केली.

"हे काही नातं नाही, मावशी. आई, बहीण, कोण ते सांगा."

"फॉर्मवर जागा आहे ना? साक्षीदार लिहा." प्रानोमने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून हात आत केला. "आणि द्या इकडे. वाचते, मग सही करते."