अर्जाला न जोडलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार दमलो आहे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्या डोक्यावर जुन्या एक्स-रेची पाकिटे रचली आहेत. हँडल तुटले आहे, झाकण नीट लागत नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलणे बोलत आलो. आज थोडे स्वतःचे बोलतो. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मला वाईट वाटणार नाही. माझ्यासमोरून पुष्कळ माणसे उठून गेली आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने तारा जोडल्या, आणि शेवटच्या बाईने तोंड जवळ आणून ‘हॅलो, हॅलो, जेवलीस का गं?’ असे म्हणून मला तपासले. माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. पुढे मी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात काचेआड बसलो आणि तिथून शांताबाई कर्णिकांनी मला विभागासाठी विकत घेतले.

कर्णिकबाई शिवाजी पार्कला राहत. सकाळी मैदानाला फेऱ्या मारून, कडक इस्त्रीची साडी नेसून त्या बसने परळला येत. त्या क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवीत. म्हणजे मनाच्या दुखण्याचे शास्त्र. त्यात गोळ्या-इंजेक्शने नसतात. माणसाला बोलते करायचे, चाचण्या घ्यायच्या आणि दुखते कुठे ते शोधायचे. बाईंचे विद्यार्थी रुग्णांशी बोलत तेव्हा मी टेबलावर बसून सगळे टिपून घेई. मग बाई ती कॅसेट लावून त्यांच्या चुका काढत. तेव्हा माझा काय थाट होता! माझ्यावर क्रोशाचा रुमाल असे. जो तो आपला आवाज ऐकायला येई आणि ‘अय्या, मी अशी बोलते?’ म्हणून लाजे. जेवणाच्या सुट्टीत वॉर्डबॉय माझ्यात भजने भरत आणि स्वतःच ऐकून माना डोलवत.

मग गिरण्यांचा संप आला. आधी रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच भोंगा व्हायचा आणि विद्यार्थी कपाळावर हात मारून घ्यायचे. आता भोंगा बंद झाला. रेकॉर्डिंग स्वच्छ येऊ लागले, पण बोलणारी माणसे बदलली. पूर्वी ती सांगत, झोप लागत नाही. आता सांगू लागली, उठून करायचे काय? दिवसामागून दिवस तेच ते ऐकून मला शीण येऊ लागला. माझी फीत अडकत नव्हती, पण मन म्हणून काही असेल तर ते अडकत होते.

त्याच काळात मालन घाडी विभागात आली. डिलाईल रोडच्या चाळीतली मुलगी. तिचे वडील धर्मा घाडी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संपानंतर गिरणीने त्यांना पुन्हा आत घेतले नाही. मालनने शिकवण्या केल्या, घरी मसाले कुटून विकले, आणि वर्षे वाया गेल्यावर एकदाची एम.ए. झाली. कर्णिकबाईंच्या हाताखाली तिचे रुग्णालयातले प्रशिक्षणही पुरे झाले. दक्षिणेतल्या एका संस्थेत डॉक्टरेटच्या जागा निघाल्या तेव्हा बाईंनी तिला समोर बसवून अटी वाचून दाखवल्या. मानसशास्त्रात एम.ए., पंचावन्न टक्के गुण. रुग्णालयात दोन वर्षांचे प्रशिक्षण. मार्गदर्शकाची सही असलेले अहवाल. लेखी परीक्षा, नंतर तोंडी. आणि एका रुग्णाची पहिली मुलाखत, टेप केलेली, इंग्रजी भाषांतरासह.

“मुलाखत घेणाऱ्याने तटस्थ राहायचे आहे,” बाई म्हणाल्या. “होकार नाही, नकार नाही, सल्ला नाही. तो बोलेल, तू ऐकशील. आणि हे बघ, वय तिसाच्या आत.”

“बाई, मला श्रावणात तीस पुरी होतात,” मालन म्हणाली.

“मग हेच वर्ष. पुढच्या वर्षी नाही.”

मालनकडे बाकी सगळे होते. फक्त टेप नव्हती. एका मैत्रिणीने तिला सोपा मार्ग सांगितला, “अगं, मला बसव ना खुर्चीत. मी सांगते, मला लिफ्टची भीती वाटते. सगळे असंच करतात.” हे खरे होते. असली नाटके मी पुष्कळ टेप केली आहेत. त्यांतले रडणे फार सुरेख येते. मालनने मात्र नकार दिला. तिला खऱ्या माणसाची टेप हवी होती.

तो खरा माणूस एका गुरुवारी आला. त्याला आपण दगडू म्हणू. ते त्याचे खरे नाव नाही, मित्रांनो, आणि त्याच्या बायकोचे नाव रखमा हेही खरे नाही. दगडू कोकणातला, जुना गिरणी कामगार. रखमाने त्याला हाताला धरून आणले होते.

“ह्येंनी वरीस झाला तोंड उघडूक नाय, बाय,” ती मालनला म्हणाली. “जेवतत, निजतत, पण बोलणत नाय. आमी काय करूचा?”

मालनने दोघांना समजावून सांगितले की बोलणे टेप होईल आणि तिचे शिक्षक ते ऐकतील. दगडूने मान हलवली. रखमा बाहेर बाकावर जाऊन बसली, मालनने माझे लाल बटण दाबले आणि मी फिरू लागलो.

किती वेळ नुसता पंख्याचा आवाज. मालनने एक-दोनदा मऊ आवाजात विचारले, मग शिकवल्याप्रमाणे थांबली. दगडू खाली बघत होता. माझी फीत अशीच कोरी संपणार असे मला वाटू लागले. तेवढ्यात त्याने चप्पल काढून बाजूला ठेवली, थरथरते हात जोडले आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, “बा देवा रवळनाथा, म्हाराजा, आज ह्यां तुजा लेकरू तुज्या पायाकडे इलासा...”

आणि तो थांबला.

मित्रांनो, कोकणात गावच्या देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एक जण बोलतो, देवा, असे असे झाले, चुकले असेल ते पोटात घाल. भोवतीची माणसे त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ती म्हणाली नाहीत तर बोलणारा पुढे जात नाही. साथच नाही तर गाऱ्हाणे देवापर्यंत पोचणार कसे? मालनच्या वडिलांना चाळीत प्रत्येक सणाला गाऱ्हाणे घालायला बोलावत. ती लहानपणापासून त्यांच्या मागे उभी राहून साथ देत आली होती.

दगडू हात जोडून थांबला होता. तो कशासाठी थांबला आहे ते मालनला कळत होते. तटस्थ राहण्याची अट तिला पाठ होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“व्हय म्हाराजा,” मालन म्हणाली.

ते तिने ठरवून म्हटले की तोंडातून गेले, मला ठाऊक नाही. मला आवाज कळतो, हेतू कळत नाही. पण दगडूच्या तोंडाला बसलेली मिठी सुटली. तो बोलत गेला. प्रत्येक वाक्याला मालन ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेली. शेवटी शेवटी तिचाही आवाज फाटला होता. तो संपाबद्दल बोलला आणि एका मित्राबद्दल बोलला, एवढेच तुम्हाला सांगतो. बाकीचे सांगणार नाही. बोलून झाल्यावर त्याने टेबलाला डोके टेकले आणि मोठ्याने रडला. बाहेरून रखमा धावत आली. वर्षभरात तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. तीही दारात उभी राहून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी कर्णिकबाईंनी ती कॅसेट पूर्ण ऐकली. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “मालन, माणूस म्हणून मला तुझं कौतुक वाटतं. पण ही टेप पाठवू नकोस. तिथे बसलेल्या लोकांना वाटेल, ही मुलगी रुग्णाच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणते आहे. पहिल्या मिनिटाला तुला बाहेर काढतील.”

“मग काय करू, बाई?”

“नवा रुग्ण शोधण्याइतके दिवस आता उरले नाहीत. त्यांनाच परत बोलव. तेच विचार. फक्त ते ‘म्हाराजा’ नको.”

पुढच्या गुरुवारी दगडू आला तो स्वतःच्या पायांनी, रखमाच्या पुढे चालत. रखमा सांगत होती, “काल ह्येंनी पेज मागून घेतल्यानी.” मालनने दगडूला सगळे खरे खरे सांगितले. पुन्हा एकदा तेच बोलाल का, असे विचारले.

दगडू हसला. “एकदा घातलेला गाऱ्हाणा परत घालूचा नसता गो. देव म्हणतलो, माज्यार इस्वास नाय काय तुजो?”

“मग आहे हीच टेप पाठवू का? भाषांतर करून पाठवावी लागेल. चार-पाच जण ऐकतील. तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार.”

दगडूने मान वळवून माझ्याकडे बघितले. त्याच्या लेखी मी आतापर्यंत फक्त एक डबा होतो. आता त्याचे सगळे माझ्या पोटात आहे, हे त्याला नव्याने समजले असावे. “पाठव गो,” तो म्हणाला. “तू आमच्यातला पोर. तुजा शिक्षण पुरा होऊ दे. माजा काय.” एवढे बोलून त्याने समोर ठेवलेला चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्याचे हात पहिल्या गुरुवारी थरथरत होते तसे पुन्हा थरथरू लागले. मालन त्या हातांकडे बघत होती.

ती दोघे गेल्यावर तिने दार लावून घेतले. कॅसेट सुरुवातीला आणली. मला वाटले, ऐकायची आहे. पण तिने लाल बटण दाबले.

मित्रांनो, आमच्यात पुसायची रीत अशी असते. जुन्या आवाजावर नवा आवाज भरायचा, म्हणजे जुना जातो. मालन काहीच बोलली नाही. मी फिरत राहिलो आणि दगडूचा एकेक शब्द माझ्याच डोक्याखालून पुसला जात राहिला. मी कितीतरी टेपा पुसल्या आहेत, पण त्या दिवसाइतके जड मला कधी गेले नाही. माझे कामच जपून ठेवायचे. आणि त्याहून वाईट हे की तिकडे तिचे स्वतःचे सगळे पुसले जात होते. शिकवण्या, कुटलेले मसाले, आईबापांची आशा. ती हुंदका आवरत खुर्चीत बसून राहिली आणि फीत संपल्यावर तिने मला बंद केले.

कर्णिकबाईंना कळले तेव्हा त्या चिडल्या. “त्यांनी परवानगी दिली होती ना? मग?”

“तोंडाने दिली होती, बाई.”

“कायद्याला तोंडची पुरते!”

“हो,” मालन म्हणाली.  मग बाईंनी अर्जावर सही केली आणि टेपेच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘जोडलेली नाही’ असे लिहिले.

अर्ज अपुरा म्हणून परत आला. श्रावणात मालन तीस वर्षांची झाली. डॉक्टरेटची ती वाट तिच्यासाठी बंद झाली. गोष्टीतल्यासारखे पुढे कुणाचे मन वळले नाही, कुणी बोलावणे पाठवले नाही. मला खोटे सांगता येत नाही. मालनला वाईट वाटले आणि पुष्कळ वर्षे वाटत राहिले. तिच्या मागून आलेली, लिफ्टच्या भीतीची नाटकी टेप पाठवणारी मैत्रीण डॉक्टरेट मिळवून परदेशी गेली. मालन नायगावात एका लहानशा केंद्रात माणसांशी बोलण्याचे काम करू लागली आणि आठवड्यातून एकदा आमच्या विभागात येत राहिली. पाटीवर तिच्या नावामागे काहीच नव्हते. दगडू मात्र त्या वर्षी गावच्या जत्रेला गेला. येताना त्याने तिच्यासाठी नारळ आणला. पुढे डिलाईल रोडहून एकेक माणूस दबक्या आवाजात तिची चौकशी करत येऊ लागला. हिच्यापाशी बोललेले बाहेर जात नाही, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

वर्षे गेली. कर्णिकबाई गेल्या. माझ्याहून लहान, मग त्यांच्याहून लहान यंत्रे आली. क्रोशाचा रुमाल कुणीतरी टेबल पुसायला घेतला. माझी रवानगी खालच्या खणात झाली.

गेल्या आठवड्यात विभागाची आवराआवर निघाली. डॉक्टरेटच्या प्रवेशाची तयारी करणारी एक विद्यार्थिनी कपाट रिकामे करत होती. तिने मला बाहेर काढले, हौसेने वायर लावली आणि माझ्या पोटातली कॅसेट सुरू केली. मालनबाई शेजारीच बसल्या होत्या. आता केस पांढरे झाले आहेत. मुलीने कान लावून बराच वेळ ऐकले. पंख्याची घरघर आणि मध्येच कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज.

“मॅडम, ह्यात काहीच नाहीये. फेकू का?”

“नको,” मालनबाई म्हणाल्या. “काही नाही म्हणूनच ठेवलीय गो ती.”

मुलीला काही उमगले नाही. तिने खांदे उडवून मला परत खणात ठेवले.

मित्रांनो, आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात माझे एकेक पतवंड आहे. बोट लावले की ते टिपते, आणि दुसरे बोट लावले की शंभर जणांना ऐकवते. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. मला भंगारात दिलेत तरी तक्रार नाही, मी दमलोच आहे. पण कुणी थरथरत्या हातांनी तुमच्यापाशी काही बोलले, तर ते पुढे वाजवू नका. त्याने तोंडाने हो म्हटले असेल, तरी एकदा त्याच्या हातांकडे बघा.