कोंबड्यांचं आंबवण

सहदेवच्या कोंबड्या दिसायला गोजिऱ्या होत्या, पण ताटात आल्या की बोंबील आठवायचा. हे त्याला तोंडावर सांगितलं ते चौक गावच्या धाबेवाल्या धाऊशेठनं, तेही आधी चहा पाजून.

"सहदेवा, गिऱ्हाईक म्हनतंय, कोंबडी मागवली अन् सुकट वाढलंस. पुढल्या खेपेला वास आला तर तुझा माल नको रं बाबा."

गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून सहदेव मक्याच्या भरड्यात उरणकडून येणारा सुक्या मासळीचा कुटा सढळ हातानं घालायचा. पेरलं ते उगवणारच. मोहोपाड्याच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यानं घरामागं ही शेड घातली होती, आणि सगळा माल एकटा धाऊशेठ उचलायचा. त्यानं पाठ फिरवली तर शेडला कुलूप लागणार होतं.

सहदेवनं मासळी बंद केली आणि गावात उरलेली वालाची चुरी आणून तशीच दळून घातली. कोंबड्यांनी मका निवडून खाल्ला, वाल उकरून फेकला. कडवा वाल कोंबडीलाही कळतो. आठवडाभरात पाखरं चिपाडासारखी झाली.

घरात मोतीमावशी होती. सहदेवच्या आईची धाकटी बहीण. मागं कुणी उरलं नाही म्हणून माणगावाकडून एक गाठोडं आणि आंबोळ्यांच्या पिठाचं मडकं घेऊन भाच्याकडे आली होती. आपण बसून खातो हे तिला रोज डाचायचं. तिनं उकरलेला वाल पाहिला आणि पदर खोचला.

"आपन तरी वाल असाच खातो का रं? भिजव, कडू पानी फेकून दे, उकड, वाट. मग माझ्या मडक्यातलं पीठ त्यात कालव. आंबलं की पोटाला हलकं पडतं."

सहदेवला हसू आलं. पाखरांना आंबोळ्या घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. पण बुडत्याला काडीचा आधार. कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांनीही सांगितलं, करून बघा, फक्त नीट वाळवा, बुरशी धरू देऊ नका. मावशीनं पिंप भरलं, वर गोणपाट टाकलं. आंबलेला वाल अंगणात वाळला, भरड्यात मिसळला, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. मावशी तर पोरीचं लग्न जमल्यासारखी गावभर सांगत सुटली.

आणि मग पाखरं पाण्याच्या भांड्यापासून हलेनात. विष्ठा पातळ झाली, खाली अंथरलेलं भाताचं तूस चिखल झालं. एका सकाळी काही पाखरं पाय ताणून पडलेली सापडली. त्याची बायको बायजा शहाणी. तिनं वाळलेल्या आंबवणाची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट हाय वो. नुसतं मीठ."

मावशी उंबऱ्यात उभी होती. "मीच टाकलं," ती म्हणाली. "बोट लावून बघितलं तर अळनी लागलं. अळनी कुनाच्या घशाखाली उतरतं रं? त्यांनाबी जीव हाय."

जन्मभर आंबोळ्या केलेल्या हाताला चाखून मीठ घातल्याशिवाय पीठ झाकता येत नव्हतं. पण मेलेली पाखरं समोर असताना हे कुणाला सुचतं?

"मावशी, तू चुलीपास्नं लांबच बस आता," सहदेव बोलून गेला. बायजानं मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी कालवणात मीठ कमी पडलं होतं, तरी मावशीनं मागितलं नाही. सहदेवला घास गोड लागला नाही, पण शब्द परत घ्यायलाही जीभ रेटेना.

खारट माल फेकून बायजानं नवं पिंप भरलं. मावशी लांब बसून सांगायची, "गोनपाट घाल. वास उग्र येतोय, अजून व्हायचंय." बोट लावायची सवय मोडावी म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायची. पाखरं सावरली, पिसांवर तकाकी आली, छाती भरली.

धाऊशेठ पारखायला घरीच आला. गडी पक्का. मसाल्यात वास लपतो म्हणून त्यानं बायजाला कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायला लावली, मीठसुद्धा घालू दिलं नाही. तंगडी मोडली, नाकाशी धरली, सावकाश चावली.

"आता कोंबडी कोंबडीसारखी लागतेय," धाऊशेठ म्हणाला. "माल माझा."

सहदेवला भरून आलं. त्यानं पहिला तुकडा मावशीपुढं ठेवला. तिनं घास घोळवला, मोठ्या कष्टानं गिळला.

"कशी हाय, मावशी?"

"बरी हाय." हात परत पदरात गेले.

सहदेव उठला. फळीवरची बरणी काढून त्यानं मावशीच्या मांडीवर ठेवली.

"तुझ्यापायी घर तरलं माझं, मावशी. बोललो ते चुकलं. टाक, तुझ्या हातानं टाक."

मावशीनं बरणी उघडली. आधी भाच्याच्या तुकड्यावर चिमूट सोडली, बोट लावून चाखलं, आणि मग आपल्या.