लाल्यावर नजर

पोळ्याच्या दुपारी संतराम मास्तरांनी बाजेवरून पाय खाली सोडला, तो नेमका बाजेखाली झोपलेल्या लाल्या कुत्र्याच्या शेपटीवर पडला. लाल्यानं झोपेतच वळून त्यांचा घोटा धरला, सोडला आणि पुन्हा डोळे मिटले. जसं काही झालंच नव्हतं.

झालं होतं. तीन ठिपके, त्यातल्या एकातून रक्त. मास्तरांनी न्हाणीत जाऊन साबणानं घोटा धुतला आणि पायजमा खाली ओढला. हिंगोलीच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथालय सांभाळताना हाती येईल ते त्यांनी वाचलं होतं. त्यात कुत्र्याच्या चाव्यावरची सरकारी पुस्तिकाही होती. इंजेक्शन लगेच घ्यायचं आणि कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा.

पण सांगायचं कसं? धाकट्या बहिणीच्या, नर्मदाबाईच्या या घरात सणाला वीस माणसं आणि तीन कुत्री लोळत पडलेली. मागच्या साली मास्तरांनी प्यायला उकळलेलं पाणी मागितलं, तर वर्षभर त्यांचं नाव 'उकळते मामा' पडलं होतं. शिवाय दाजी, म्हणजे शेषराव, कुत्र्याला काठीनं फोडून काढणार. आणि दात खरंच आत गेला होता का? शेपटीवर पाय देणारे तर आपणच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी उचलली.

"कुठं निघालात मास्तर?" शेषरावांनी पडल्या पडल्याच विचारलं. "आज कर हाय. करीच्या दिवशी पाव्हणा गाव सोडत न्हाई. मटण शिजून राहिलंय."

"हिंगोलीला जरा काम होतं..."

"रिटायर माणसाला कायचं काम?"

सगळे हसले. मास्तरही हसले आणि पिशवी परत खुंटीला लावली.

आता उरलं काय, तर कुत्र्यावर लक्ष ठेवणं. जेवणं झाली, घर आडवं झालं, एकेकजण घोरू लागला. मास्तर मात्र लाल्याच्या मागं मागं. पाणी पितो का? लाळ गळते का? आपल्या ताटातली नळीसुद्धा त्यांनी त्यालाच घातली, खातो का ते बघायला.

"दादा, तुला तर लाल्याचा लळाच लागला की," नर्मदाबाई कौतुकानं म्हणाली.

सांगायची ती वेळ होती. मास्तरांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी उजाडलं आणि लाल्या दिसेना. मास्तरांनी गोठा पाहिला, कडब्याच्या गंजीमागं पाहिलं.

"धनसिंग घेऊन गेला पहाटं, तांड्यावरचा," शेषराव म्हणाले. "रानडुकरं लई झालीत म्हणं. एक कुत्रं द्या म्हणला, दिलं."

"कोणत्या शेतात असतो तो?"

"त्याच्या सासऱ्याच्या रानात, पार कळमनुरीकडं कुठंतरी. पण तुमाला काहून एवढी तकलीफ?"

"मला चावलाय तो. परवा."

एकच हशा.

"एवढंच व्हय मामा?" शेषरावांचा मुलगा विजयकुमार म्हणाला. त्यानं पोटरी उघडी केली. "हे बघा, मागल्या हप्त्यातलं. लाल्याचंच."

त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, निताला जोर चढला. तिनं फ्रॉकची बाही वर केली. "माझं बी बघा! पोळ्याचंच हाय. आजीनं हळद लावली."

दंडावर चार व्रण, हळदीनं पिवळे. दोन दिवस मास्तरांनी कुत्रा पाहिला होता. पोरीकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"हिला इंजेक्शन द्यावं लागेल," ते म्हणाले. "विजय, तुलाही. कुत्रा आता समोर नाही. आजच जायला पाहिजे."

"घरचं कुत्रं हाय. काही व्हत न्हाई," शेषराव कूस बदलत म्हणाले. "जेवल्यावर बघू."

विजयकुमारनं बापाकडं पाहिलं आणि पोटरी झाकली. नर्मदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि निताच्या चपला आणून ठेवल्या.

फाट्यावर एस.टी. आली ती माणसं दारात लोंबकळत, थांबलीच नाही. पुढची कधी, टपरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी निताचा हात धरला आणि ते जवळा बाजार गावाच्या रस्त्याला लागले. तिथून हिंगोलीच्या दवाखान्याकडं जीप मिळाली तर मिळाली.

"आबा," निता म्हणाली, "तुमाला चावला तवाच काहून न्हाई सांगितलं?"

मास्तरांनी पावलं जलद उचलली. पोरीला बरोबरीनं पळावं लागत होतं.