पाण्यात न दिसलेला धूर

"एप्रिलात बर्फाला नाही गं, छपराला भ्यावं," असं तळ्यापलीकडच्या लेम्पीमावशीने सिनीला बजावलं होतं. सिनीने हसून मान डोलावली आणि ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. भ्यायला तिच्यापाशी आधीच पुष्कळ होतं. तान्हा ओत्सो, त्याचा सर्दीने घुरघुरणारा श्वास, शिवाय दारासमोर रोज थोडं थोडं वितळणारं गोठलेलं तळं. त्यात आणखी छपराची भर कशाला?

या भीतीपायी तिचं गावात हसं झालेलं होतंच. मार्चमध्ये बर्फावर कुणीतरी पालथं पडलेलं दिसलं म्हणून तिने बचावपथकाला बोलावलं. गाडी भोंगा वाजवत आली, तेव्हा शेजारचे आर्वोकाका डोळे चोळत उठून बसले. मासे गळाला का लागत नाहीत ते बघायला गृहस्थ बर्फातल्या भोकाला डोळा लावून निजले होते. तेव्हापासून दुकानात, बसथांब्यावर एकच प्रश्न. "काय सिनी, आज कुणाला वाचवलंस?" तिचा नवरा याक्कोसुद्धा गालातल्या गालात हसायचा. काहीही झालं तरी आता कुणाचं दार वाजवायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या शनिवारी वारा पडलेला होता. बर्फावर वीतभर पाणी साचलं होतं. फिनलंडच्या या उत्तर टोकाला अशी संध्याकाळ वर्षातून एखाद-दोनदाच हाती लागते. खाली अजून पांढरा बर्फ, वर आरशासारखं पाणी आणि त्यात मावळतीचा सगळा रंग सांडलेला. ओत्सो झाल्यापासून कॅमेरा कपाटात पडून होता. याक्को कामावर गेल्यावर तिने तो काढला, काठावर तिपाई रोवली, शेजारी बाबागाडी उभी केली, चाकाचा ब्रेक लावला आणि ब्रेकचा काय भरवसा म्हणून गाडी मफलरने बर्चच्या खोडाला बांधली. गार हवेत ओत्सोला झकास झोप लागली होती. तरी तिने त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलंच.

सूर्य पलीकडच्या काठावर टेकला. समोर बघवत नव्हतं इतके डोळे दिपत होते. पाण्यात मात्र सगळं लख्ख होतं. उलटी झाडं, उलट्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोल्या, आणि त्यांच्या धुराड्यांतून खाली लोंबणारे धूर. शनिवारी घरोघर सौना तापणारच. तिने भराभर फोटो घेतले. नेम नीट साधलाय का ते बघायला एक मोठा केला, आणि तिचा हात थांबला. मास्तरीणबाईंचा धूर होता, पलीकडच्या सुताराचा होता. मधल्या लेम्पीमावशीच्या खोलीचं धुराडं कोरडं होतं.

तिने मावशीला फोन लावला. वाजत राहिला. मास्तरीणबाईंना लावला, सुताराला लावला. पण सौनात फोन कोण घेऊन बसतं?

खरा गुलाबी रंग तर आत्ता कुठे चढू लागला होता. सिनी क्षणभर घुटमळली. मावशी लेकीकडे गेली असेल. झोपली असेल. उद्या सगळं गाव पोट धरून हसेल. हसू दे! तिने कॅमेरा गळ्यात अडकवला, मफलर सोडला आणि बाबागाडी ढकलत आर्वोकाकांचं दार गाठलं.

काका टॉवेल गुंडाळून, लालबुंद, वाफाळत बाहेर आले. "आता कोण बुडालं?"

"लेम्पीमावशीचा सौना पेटलेला नाही."

"अगं, कंटाळली असेल."

"मावशी? शनिवारी?"

काकांनी टॉवेल घट्ट खोचला. "बूट घालतो," ते म्हणाले. "आणि तू जरा तिकडे तोंड कर. चड्डीपण घालायची आहे."

तळ्याला वळसा घालून बाबागाडी ढकलत ती पुढे, काका मागे धापा टाकत. मावशीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉफीचा कप, फोन, चष्मा. माणूस नाही. सिनी हाका मारू लागली, तर परसातून ठक्क, ठक्क असा आवाज.

लाकडांच्या खोपटासमोर बर्फाचा डोंगर पडला होता. छपरावरून घसरलेल्या ढिगाने बाहेर उघडणारं दार पार गाडून टाकलं होतं.

"मावशी! लागलं का कुठे?"

"लागलीय ती भूक!" आतून आवाज आला. "सोबत कोण आहे? आर्वो असला तर त्याला म्हणावं, तोंड बंद आणि फावडं चालू."

सिनीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. काकांनी फावडं मारलं, तिने हातांनी ओरबाडलं. दार फटीइतकं उघडताच मावशी आडवी होऊन बाहेर आली. हातात कुऱ्हाड, केसांत भुसा. थंडीने गारठू नये म्हणून दुपारपासून बाई एकसारखी लाकडं फोडत होती.

"नाताळपर्यंतची सोय झाली," ती म्हणाली.

"आम्हाला सांगतेस छपराला भ्या म्हणून!" काका म्हणाले.

"मला वाटलं, माझं छप्पर मला ओळखतं." मग तिने सिनीचे लाल झालेले हात आपल्या हातमोज्यांत कोंबले. "तुला गं कसं कळलं?"

सिनीने कॅमेऱ्यावरचा फोटो दाखवला. मावशीने चष्म्याशिवाय तो बराच वेळ न्याहाळला आणि नाक ओढलं. "चांगला आलाय. आता बघत काय बसलात? उचला लाकडं. शनिवार अजून संपलेला नाही!"

सौना पेटला तेव्हा तळ्यावरचा रंग विझला होता आणि ओत्सो जागा होऊन दुधासाठी भोकाड पसरत होता. आर्वोकाका दुकानात आता सांगत फिरतात की धूर नाही हे त्यांच्याच लक्षात आलं. सिनी त्यांना सांगू देते.

पण येत्या शनिवारी ती ओत्सोला घेऊन आईकडे, ओउलूला जाणार आहे. याक्कोने मावशीचा धूर बघायची आठवण ठेवायचं कबूल केलंय, म्हणजे तो विसरणारच. तेव्हा वाचणाऱ्यांना तिचं एवढंच मागणं आहे. संध्याकाळी तळ्याकाठून जाणार असाल तर पलीकडे जरा नजर टाका. मधला धूर दिसला नाही, तर वळसा घालून मावशीला हाक मारून या. फावडं न्या. मात्र सिनीने पाठवलं असं सांगू नका.