उघड्या चाराचं घड्याळ

मी एक मनगटी घड्याळ बोलतोय. चावीचं, जुन्या घडणीचं. बोलतोय खरा, पण आवाजात जोर शोधू नका. अकरा वर्षं मी पत्र्याच्या डब्यात बंद पडून होतो. बंद घड्याळाला दुःख होत नाही, तसं सुखही होत नाही. नुसतं असणं तेवढं उरतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तबकड्यांवर इंग्रजी आकडे उमटवणाऱ्या कारागिराने पहिल्या खेपेला चारचा आकडा हाताने लिहितात तसा काढला, वरून उघडा. साहेबाला तो आवडला नाही. त्याने ठसा बदलायला लावला आणि पुढच्या सगळ्या घड्याळांचे चार मिटले. तोवर आम्ही मोजके उघड्या चाराचे बाहेर पडलो होतो. आपण कुणी वेगळे आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वेळ दाखवायची, एवढंच ठाऊक होतं.

माझा पहिला मालक बस आगारातला टाइमकीपर. अठरा वर्षं त्याने मला मनगटावरून उतरवलं नाही. आंघोळीलासुद्धा नाही. त्याचा घाम माझ्या काचेखाली शिरला आणि तबकडीवरच्या पातळ रोगणाला केसासारख्या भेगा पडल्या. तो गेल्यावर मी मोडीच्या घड्याळांबरोबर एका पिशवीत गेलो, आणि ती पिशवी नकाशेवाल्यांनी घेतली.

नकाशेवाले पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचे. घरी आले की डोळ्याला भिंग लावून जुनी घड्याळं तपासायचे. त्यांची बायको त्यांना भिंगोबा म्हणायची. उघड्या चाराची घड्याळं बनली होती, असं ते छातीठोकपणे सांगत. बाकीचे संग्राहक हसत. "कुणीतरी चारचं डोकं खरवडलं असेल हो!" म्हणत.

मग त्यांना एक सापडलं. स्वच्छ, देखणं, चार उघडा. मखमलीच्या पेटीत त्याला मधला खण मिळाला.

पुढच्याच वर्षी पिशवीतून मी निघालो. त्यांनी मला भिंगाखाली धरलं, माझे फुटल्यासारखे दिसणारे आकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "हा चार मागाहून रंगवलाय. पहिल्याची नक्कल." आणि मला सुट्या भागांच्या डब्यात टाकलं. मला राग आला नाही. मी तेव्हा बंदच होतो.

या वर्षी नकाशेवाले गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांची बायको रडली नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, कपाटं आवरली, औषधं परत केली. लेक तिला म्हणाली, "आई, थोडं रडून घे गं. अशी दगडासारखी नको बसूस."

"बसलेय कुठे? काम करतेय ना," ती म्हणाली.

महिन्याभराने नकाशेवाल्यांचे मित्र आले. दाताचे डॉक्टर, तेही घड्याळांचे वेडे. "वहिनी, पुढच्या महिन्यात आमचा मेळावा आहे. मधल्या खणातलं घड्याळ तिथे ठेवू या. खाली माझ्या मित्राचं नाव. सगळी पेटी मी लावून देतो, तुम्ही फक्त बघा."

"काय बघू ते सांगा."

डॉक्टरांनी दाखवलं. आकड्यांचे पाय कसे असतात, काटे कुठल्या साली बदलले, मागच्या झाकणावरचा नंबर कसा वाचायचा. शेवटी म्हणाले, "आणि शाई. अस्सल तबकडीत आकडे आधी छापतात, त्यावर रोगण चढवतात. मागाहून रंगवलेल्या तबकडीत शाई रोगणाच्या वर बसते. पण ते भिंगातून कळणं कर्मकठीण."

या बाईने तीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पेशी मोजल्या होत्या. निवृत्त होताना तिथला मोडीत निघालेला मायक्रोस्कोप तिने मागून आणला होता. तो आतल्या खोलीत झाकून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने तो पुसला, सगळ्यात कमी ताकदीचं भिंग लावलं, बाजूला टेबलाचा दिवा तिरका ठेवला. मधल्या खणातल्या घड्याळाची काच काढून घेतली आणि मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवत नजर हळूहळू वरच्या थरावरून खालच्या थरावर नेली. आधी शाई स्पष्ट दिसली. मग, स्क्रू आणखी थोडा फिरल्यावर, खालचं रोगण.

तिने तीनदा पाहिलं. मग डॉक्टरांना बोलावलं.

"शाई वर आहे, भावजी. हे रंगवलेलं आहे."

डॉक्टरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वहिनी, हे आपल्या दोघांतच राहू द्या. गेलेल्या माणसाचं नाव कशाला घालवायचं?"

"तीस वर्षं रिपोर्ट दिले मी. दारात नातेवाईक रडत उभे असायचे. म्हणून कधी आकडा बदलला नाही."

"हा तुमचा नवरा आहे, वहिनी."

"म्हणूनच सांगतेय. मेळाव्यात ठेवू नका."

डॉक्टर चहा न घेता गेले. ती मायक्रोस्कोपपाशी परत बसली. घरात दुसरं काही करायला उरलं नव्हतं, म्हणून तिने डबा ओतला. रोज दुपारी एकेक तबकडी. चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. हातात घड्याळ आहे की रक्ताची काचपट्टी, तिला फरक पडत नव्हता बहुतेक. आम्हालाही पडत नव्हता.

चौथ्या दुपारी माझी पाळी आली. स्क्रू फिरला. आधी रोगण दिसलं, भेगांनी भरलेलं. आकडे फुटल्यासारखे दिसत ते या भेगांमुळे. स्क्रू आणखी फिरला, आणि भेगांच्या खाली, तळाशी, धारदार काळी शाई. अखंड. चार उघडा.

तिने दिवा दुसऱ्या बाजूला नेऊन पाहिलं. मला फिरवून पाहिलं. मग मान वर करून बाहेरच्या खोलीकडे हाक मारली, "अहो, इकडे या! सापडलं बघा तुमचं!"

बाहेरून कुणी 'ओ' दिली नाही.

ती तशीच थांबली, मान वळवलेली, उत्तराची वाट बघत. मग तिच्या लक्षात आलं. तिने मला पोटाशी धरलं आणि लेक कामावरून येईपर्यंत ती त्या स्टुलावर रडत होती.

मेळाव्यात मी गेलो. डॉक्टरांनीच नेलं. त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली आणि सरळ सांगून टाकलं: आमच्या मित्राने ज्याला खरं मानलं ते खोटं निघालं, ज्याला खोटं मानलं ते खरं, आणि असं घड्याळ आहे हे त्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. या खेपेला कुणी हसलं नाही. सगळ्यांनी रांगा लावून मला पाहिलं.

माझी साफसफाई झाली, आता मी चालतो. घेणारे पुष्कळ आले, पण ती मला देत नाही. पेटीतही ठेवत नाही, मनगटावर बांधते. मनगट बारीक आहे, म्हणून पट्ट्याला एक जादा भोक पाडलंय.

परवा लेकीने विचारलं, "बाबांना किती आनंद झाला असता ना गं?"

"छे! आधी वाद घातला असता. 'मला शिकवतेस?' म्हणून. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करत बसले असते." मनगटावरचा पट्टा सारखा करत ती म्हणाली, "मी एकदाही त्यांच्याजवळ जाऊन बघितलं नाही, काय बघतात ते. आणि त्यांनी तरी कुठे विचारलं, तू दिवसभर काय बघतेस म्हणून?"

मी घड्याळ. मला सल्ला देण्याचा अधिकार नाही, आणि फार काही वाटतही नाही. पण तुमच्या घरात कुणी कशावर तरी वाकून बसलेलं असेल, तर हातातलं काम ठेवा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. मी तुम्हाला वेळ दाखवू शकतो. ती परत आणून देणं माझ्या यंत्रात नाही.