एक हजार सतरा

थोरल्या बहिणीचं, जिपारचं, लग्न झालं ते १९८६ साली. त्याच उन्हाळ्यात साइराकानच्या हातात पहिल्यांदा व्हिडिओ गेम आला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

नवरदेव कुबात फ्रुंझे शहरातला, म्हणजे आताच्या बिश्केकमधला. सोन-कोल सरोवराकाठच्या कुरणावर तो सासुरवाडीला आला, तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. मेव्हणा एमिलबेक आणि मेव्हणी साइराकान या दोघांसाठी मात्र त्यानं एकच वस्तू आणली. तळहाताएवढं यंत्र, त्याला काचेची छोटीशी खिडकी. खिडकीत चार कोंबड्या बसलेल्या. त्यांची अंडी चार फळ्यांवरून घरंगळत यायची आणि मधे उभा असलेला लांडगा ती टोपलीत झेलायचा. तीन अंडी फुटली की डाव संपला.

"हजार अंडी झेलली ना," कुबात म्हणाला, "की आतला लांडगा सिनेमा दाखवतो. माझ्या मित्राच्या मावसभावानं पाहिलाय."

"जावईबापू," तंबूच्या मानाच्या जागेवर बसलेले आजोबा म्हणाले, "कळप शंभर पावलांवर आहे. त्याचं नाव काढू नका, काढलं की तो येतो."

कुबातनं जीभ चावली. त्या दिवसापासून घरात त्या झेलणाऱ्याला सगळे 'शेपटीवाला' म्हणू लागले.

आजोबांचं नाव तुर्दुबेक. पाच वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले होते, पण कळपाची मोजणी त्यांच्याकडेच होती. कुंपणाला एक फट ठेवायची, तिच्यातून मेंढ्या एकेक सुटायच्या आणि आजोबा प्रत्येकीच्या पाठीला बोट लावायचे. शंभर झाल्या की मेंढीच्या घोट्याचं एक हाड, चुको, डाव्या गुडघ्यावरून उजव्या गुडघ्यावर. सामूहिक शेताचा माणूस वही घेऊन शेजारी उभा राहायचा आणि आजोबा सांगतील तो आकडा लिहायचा. फेरमोजणी कधी झाली नाही. डोळे होते तेव्हाही नाही आणि गेल्यावरही नाही.

साइराकानच्या शब्दाला मात्र त्या वर्षी घरात काडीची किंमत नव्हती. वसंतात तिच्याकडून कोकरांचा वाडा लावायचा राहून गेला होता आणि विचारल्यावर तिनं "लावला की" असं तोंड वर करून सांगितलं होतं. सकाळी तीन कोकरं कमी. तेव्हापासून "हात धुतले" म्हटलं तरी आई हाताचा वास घेऊन बघायची.

बाबांनी यंत्राचा निवाडा केला. "जो हजार करेल, त्याचं. आणि तोवर भांडलात तर सरोवरात."

एमिलबेक तेरा वर्षांचा, मोठ्या बोटांचा. तो चारशेच्या पुढे जाईना. साइराकान दिवसा मेंढ्यांमागे असताना मनातल्या मनात खेळायची. वर डावीकडे, खाली उजवीकडे. दूध काढतानासुद्धा तिचे अंगठे हलायचे आणि शेळी वैतागून लाथ मारायची.

जुलैच्या शेवटी एका दुपारी गारा पडल्या. कळप वाड्यात कोंडला होता. आई पिठाचे छोटे गोळे, बोरसोक, तळत बसली होती, आजोबा भिंतीच्या लोकरी नमद्याला टेकून चुको चाळवत होते. साइराकान खेळायला बसली. तीनशे झाले, पाचशे झाले. एमिलबेक तिच्या खांद्यावरून बघत होता.

"फुटणार. आता फुटणार बघ."

"दादा, गप रे! कानात फुंकू नकोस."

"मी श्वासही घ्यायचा नाही का?"

सातशेला बाहेर घोडं दोरी तोडून पळालं. बाबांची हाक आली आणि एमिलबेकला जावं लागलं. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "मी येईपर्यंत मर नाहीतर हजार कर. पण खोटं सांगू नकोस."

ते शेवटचं वाक्य तिला लागलं. ती खेळत राहिली. आठशे चाळीसला एक अंडं फुटलं, नऊशे दहाला दुसरं. आता तिसरं फुटलं तर सगळं संपलं. तिच्या मनगटाला कळा येत होत्या, नाकावरून घाम ओघळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. नऊशे नव्व्याण्णव. पुढचं अंडं वर उजवीकडून आलं, ते तिनं झेललं आणि खिडकीत आकडा आला शून्य.

सिनेमा आला नाही. शेपटीवाला तसाच टोपली घेऊन उभा, कोंबड्या तशाच बसलेल्या, अंडी येतच होती. तिला रडू फुटलं, पण अंगठे थांबले नाहीत. डोळ्यांत पाणी घेऊन ती झेलत राहिली. मग एमिलबेक आणि बाबा भिजून आत आले.

"किती झाले?" एमिलबेकनं विचारलं.

तिनं वर पाहिलं. तेवढ्यात तिसरं अंडं फुटलं. खिडकीत सतरा.

"सतरा?" एमिलबेक हसत सुटला. "सातशेवर सोडून गेलो होतो मी. मेलीस आणि नवा डाव मांडलास होय!"

"नाही! हजार झाले. मग शून्य झालं आणि परत पहिल्यापासून सुरू झालं."

"आणि सिनेमा?"

"नाही आला."

"बाबा, ऐका हिचं! हजार झाले पण सिनेमा नाही. वाडा लावला पण कोकरं नाहीत!"

बाबांनी ओली टोपी झटकली. "साइरा, खरं सांग. मी मारणार नाही."

तिला मार परवडला असता. 'मारणार नाही' म्हणजे तिचं खोटं आधीच धरून चाललं होतं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझी पाठ होती गं बाई, मी काही पाहिलं नाही."

"एक हजार सतरा," आजोबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर दहा चुको मांडलेले होते. डावा गुडघा रिकामा होता.

"घरंगळताना बारीक टिकटिक होते. टोपलीत पडलं की जाड आवाज. फुटलं की वेगळाच. तीन फुटली. दोन घोडं पळाल्यानंतर आणि एक आत्ता, या गाढवानं 'किती' म्हणून विचारल्यावर. डाव एकच. मधे थांबली नाही पोरगी."

"पण आजोबा," एमिलबेक म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही!"

"मेंढ्या तरी कुठे दिसतात मला?"

कढईतलं तेल वाजत होतं. बाबांनी यंत्र उचललं, बाहीनं पुसलं आणि साइराकानच्या मांडीवर ठेवलं.

त्या शरद ऋतूत कळप खाली उतरला तेव्हा मोजणीला आजोबांनी तिला फटीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं. "तू डोळ्यांनी मोज, मी बोटांनी." मोजणी संपल्यावर वहीवाल्या माणसानं सवयीनं आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिला विचार." ती म्हणाली, "सहाशे बेचाळीस." आजोबांनी मान हलवली आणि त्यानं लिहिलं. वाटेत त्यांनी दहाही चुको तिच्या खिशात टाकले.

ते दहा चुको पुढे प्रत्येक खेळाशेजारी राहिले. लग्न होऊन ती नारीन गावात आली, तेव्हा देश मोडला होता आणि वीज मोजके तास यायची. वीज आली की शेजारणी पीठ मळायला धावायच्या, ही टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून रणगाडे फोडायची. नवरा म्हणायचा, "भाकरीचं काय?" ती म्हणायची, "एवढा किल्ला पडू दे." किल्ला पडायचा, मग भाकरी व्हायची.

२००४ साली बाजाराजवळ संगणकांचा क्लब निघाला. ती दवाखान्यातली नर्सची पाळी संपवून पांढऱ्या कोटातच गेली. पोरं खुर्च्यांवर लोळत होती.

"मावशी, मुलाला शोधताय का?"

"नाही रे. तुम्हाला हरवायला आलेय."

एकदा डाव रंगात असताना वीज गेली आणि गुण पुसले गेले. पोरांनी कालवा केला. क्लबच्या मालकानं विचारलं, "कोण पुढे होतं?" तिनं टेबलावरचे चुको दाखवले. उजवीकडे तिच्या गुणांचे सात, डावीकडे पोरांचे तीन. सगळ्यांत वांड पोरगा म्हणाला, "मावशीनं मोजलंय ना, मग झालं." घरी जाताना ती बर्फातून ताठ मानेनं चालली. तिला ठाऊक होतं, हा शब्द तिनं कमावलेला आहे.

एमिलबेकनं मात्र हार मानली नव्हती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो पाहुण्यांना सांगायचा, "ती आजोबांची लाडकी, नाहीतर पडद्यावर सतरा होते, सतरा!" मग २०१५ साली एका रविवारी बिश्केकहून त्याचा फोन आला.

"साइरा, माझ्या पोरानं इंटरनेटवर शोधलं. त्या यंत्रात हजारचा आकडाच नाही म्हणे. नऊशे नव्व्याण्णवनंतर शून्य. सिनेमा वगैरे काही नाही, सगळ्या देशातल्या पोरांना कुणीतरी बनवलं."

"मग?"

"मग काय? तुझं खरं होतं."

"हे सांगायला फोन केलास? एकोणतीस वर्षांनी?"

"अगं, पण आता पुरावा मिळाला ना!"

"दादा," ती म्हणाली, "पुरावा आपल्याकडे त्याच दुपारी होता."

मग तो म्हणाला, "मला गाढव म्हणाले होते आजोबा."

"हो. तेही बरोबरच मोजलं होतं."

दोघंही हसले.

तुर्दुबेक आजोबा १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये, पहिल्या मोठ्या बर्फानंतर तिसऱ्या दिवशी वारले. तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते.